फाइल कोणीच बदलली नव्हती

गेल्या पावसाळ्यात सलग तीन आठवडे माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एकच प्रश्न दिवसातून पंधरा-वीस वेळा उभा राहत होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची अंतर्गत कामकाजाची प्रणाली आम्ही सांभाळतो. ओतकामाच्या ऑर्डरी, साच्यांची यादी, रवानगीची चलने असे सगळे तिच्यात आहे. तिचा लिनक्स सर्व्हर कारखान्यातच असतो आणि मी उद्यमनगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी जोडणीने, त्या सर्व्हरवरच्या फाइली संपादित करतो. विम या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर संपादनाच्या प्रोग्राममध्ये, फाइल उघडायची, दोन ओळी बदलायच्या आणि सेव्ह करायची, एवढेच काम. पहिल्यांदा सेव्ह निमूटपणे होत असे. दुसऱ्यांदा सेव्ह करायला गेलो, की विम विचारत असे, की ही फाइल तुम्ही वाचल्यानंतर बदलली गेली आहे, तरीही तिच्यावर लिहायचे आहे का. मूळ इंग्रजी वाक्याच्या शेवटी एक नव्हे, तीन उद्गारचिन्हे आहेत, आणि ती वाचून माणूस घाबरावा अशीच बहुधा लिहिणाऱ्याची इच्छा असावी.

आम्ही घाबरलो. ऑफिसातला नवा मुलगा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत म्हणाला, "सर, कोणतरी आत घुसलंय." मलाही तसेच वाटले होते, पण वडीलधाऱ्या चेहऱ्याने "थांब, बघू" म्हणालो. सर्व्हरवर कोण कोण लॉगिन झाले याची नोंद पाहिली, तर तिच्यात माझ्याशिवाय कोणी नव्हते. मग कारखान्यात फोन लावला. संगणकाचे काम पाहणाऱ्या तिथल्या क्लार्कसाहेबांना विचारले, की तुमच्याकडून कोणी सर्व्हरवर काही बदल करते आहे का. पलीकडून उत्तर आले, "अहो, हितं सगळी माणसं भट्टीवर हाईत, कॉम्प्युटरला कोण हात लावतंय? काय गडबड हाय काय?" गडबड नाही असे सांगून फोन ठेवला आणि त्या संध्याकाळी सगळे पासवर्ड बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रश्न, त्याच तीन उद्गारचिन्हांसह, पुन्हा पडद्यावर होता.

इथे मी एक चूक करत होतो आणि ती चूक बहुतेक जण करतात असे आता वाटते. इशाऱ्यात लिहिलेले वाक्य मी शब्दशः खरे मानत होतो. फाइल बदलली आहे हे एडिटरला कळते कसे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. विम फाइल उघडताना तिच्यातला मजकूर वाचतो आणि त्याबरोबर तीन गोष्टी लक्षात ठेवतो, त्या म्हणजे फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळ, तिचा आकार आणि तिच्या परवानग्या. सेव्ह करण्याआधी तो फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइली सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, हीच माहिती पुन्हा विचारतो, आणि आधीची वेळ व आताची वेळ जुळली नाही, तर मधल्या काळात कोणीतरी हात लावला असा निष्कर्ष काढतो. फाइलचा मजकूर त्याने त्या क्षणी पुन्हा वाचलेला नसतो. म्हणजे इशाऱ्याचा खरा अर्थ एवढाच, की मला आधी सांगितलेला आकडा आणि आता सांगितलेला आकडा वेगळा आहे. ते दोन आकडे कोणी सांगितले, कोणत्या घड्याळावरून सांगितले, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

आपल्याकडे ही गोष्ट गुळाच्या उदाहरणाने चटकन समजते. गुऱ्हाळावरच्या काट्यावर गुळाच्या रव्याचे, म्हणजे ढेपेचे, एक वजन भरते आणि बाजारात आडत्याच्या काट्यावर दुसरे. एवढ्यावरून वाटेत गाडीवानाने गूळ खाल्ला असे कोणी म्हणत नाही. आधी दोन्ही काटे तपासायचे, मग गाडीवानाची चौकशी करायची. मी काटे न तपासताच गाडीवानाला धरले होते.

काटे तपासायचे तर फाइलची वेळ दोन्ही टोकांना एकाच वेळी पाहायला हवी. मी दोन टर्मिनल (आज्ञा टंकण्याच्या खिडक्या) उघडली. एकात लॅपटॉपवरून, म्हणजे माउंट केलेल्या (दूरचे असून आपल्याच यंत्रात असल्यासारखे जोडलेल्या) फोल्डरमधून, 'स्टॅट' ही फाइलची माहिती दाखवणारी आज्ञा दर अर्ध्या सेकंदाला चालेल अशी सोय केली. दुसऱ्यात एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने थेट सर्व्हरवर शिरून तीच फाइल, तीच आज्ञा. मग विममधून फाइल सेव्ह केली. सर्व्हरच्या टर्मिनलवर वेळ आली ११:४३:५५ आणि ती तशीच राहिली. लॅपटॉपच्या टर्मिनलवर मात्र आधी ११:४२:०८ अशी वेळ दिसली, ती जेमतेम एक-दोन सेकंद टिकली आणि मग कोणीही काहीही न करता, माझ्या डोळ्यांदेखत, ११:४३:५५ झाली. विमने लक्षात ठेवलेली वेळ पहिली होती आणि पुढच्या खेपेला त्याला मिळणारी वेळ दुसरी. चोर सापडला होता, आणि तो चोर नव्हता.

हे असे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळा उलगडा त्यातच आहे. सर्व्हरवरचे फोल्डर मी सांबा या नेटवर्कवर फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रामच्या मार्गाने, लिनक्समधल्या सिफ्स या प्रकारे लॅपटॉपवर माउंट केले होते. असे माउंट केले, की लॅपटॉपचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक लहान गोष्टीसाठी दूरच्या सर्व्हरकडे धाव घेत नाही. तसे केले तर एक फोल्डर उघडायलाही चहा संपेल. म्हणून तो फाइलची माहिती काही काळ स्वतःजवळ धरून ठेवतो, आणि आपण फाइलमध्ये लिहितो तेव्हा बदलाची वेळ म्हणून तात्पुरती स्वतःच्याच घड्याळातली वेळ लावून मोकळा होतो. खरी वेळ सर्व्हर आपल्या घड्याळाप्रमाणे लावतो. जवळ धरलेली माहिती शिळी झाली, म्हणजे साधारण सेकंदाभराने, कर्नल सर्व्हरला पुन्हा विचारतो आणि आपण लावलेली वेळ पुसून सर्व्हरची वेळ मांडतो. या दोन क्षणांच्या मध्ये जर एडिटरने आपली नोंद करून घेतली असेल, तर ती नोंद जन्मतःच चुकीची ठरते. एडिटर सेव्ह केल्याबरोबर लगेच नोंद करतो. म्हणजे तो नेमका याच फटीत सापडतो.

दोन वेळांमध्ये १०७ सेकंदांचा फरक होता, म्हणजे सर्व्हरचे घड्याळ तेवढे पुढे होते. याची सूचना मला पूर्वीच मिळाली होती आणि मी ती झटकून टाकली होती, हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखे होते. वजनकाट्याचे आकडे वाचणारा एक छोटा सी प्रोग्राम त्याच फोल्डरमध्ये आहे. तो 'मेक' या साधनाने सोर्स कोडापासून बांधताना प्रत्येक वेळी तक्रार येत असे, की अमुक फाइलच्या बदलाची वेळ भविष्यातली आहे आणि घड्याळांत तफावत दिसते. प्रोग्राम बांधला जात होता, म्हणून मी ती ओळ वाचायचे सोडून दिले होते. सर्व्हरवर घड्याळ जुळवणारी सेवा बसवलेली होती आणि चालूही होती. पण कारखान्याच्या फायरवॉलमधून घड्याळ जुळवायला लागणारे यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट बंद होते, त्यामुळे ती सेवा बिचारी कोणाशीही न बोलता नुसती चालू होती. सेवा चालू आहे आणि सेवा काम करते आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'क्रोनीसी ट्रॅकिंग' ही आज्ञा दिली असती तर तिने शेवटची जुळणी कधी झाली ते सरळ सांगितले असते. पोर्ट उघडून घेतले, पण घड्याळ लगेच मागे घेतले नाही, कारण चालू डेटाबेसच्या पायाखालची वेळ १०७ सेकंद मागे ओढली असती तर त्या अवधीतल्या चलनांचा क्रम उलटासुलटा झाला असता. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी प्रणाली थांबवून ते काम उरकले.

आता इशारा जाईल अशी माझी खात्री होती. त्या नव्या मुलाच्या लॅपटॉपवरून तो गेलाही. माझ्या लॅपटॉपवर मात्र तो पूर्वीइतकाच हटून बसला होता.

एकच सर्व्हर, एकच फोल्डर, माउंट करण्याची आज्ञाही शब्दशः एकच, आणि तरी त्याला शांतता आणि मला उद्गारचिन्हे. यात मला खरी गंमत वाटली, कारण फरक कुठे शोधायचा हे आता स्पष्ट झाले होते. त्याचा लॅपटॉप जुना होता, त्यावर उबुंटू या लिनक्सची १८.०४ आवृत्ती आणि तिच्याबरोबर आलेला विम ८.० होता. माझ्याकडे २४.०४ आणि विम ९.१. दोन्हींचा सोर्स कोड उघडून वेळेची तुलना करणारा भाग वाचला, तेव्हा कोडे सुटले. जुन्या विममध्ये, लिनक्सवर असताना, दोन वेळांतला एका सेकंदापर्यंतचा फरक सोडून दिला जातो. त्याचे कारण तिथेच टिपेत लिहिलेले आहे. फॅट या जुन्या फाइल सिस्टिममध्ये सेकंद साठवायला अवघे ५ बिट आहेत, ५ बिटांत ३२ आकडेच मावतात, म्हणून ती सेकंद दोनदोनच्या पटीत ठेवते. त्या गोळाबेरजेमुळे फाइलची वेळ आपोआप एका सेकंदाने सरकू शकते, आणि म्हणून एवढा फरक माफ. नव्या विममध्ये ही सवलत आहेच, पण तिच्या आधी आणखी एक तुलना आली आहे, ती म्हणजे नॅनोसेकंदांची, सेकंदाच्या अब्जाव्या भागांची. ते आकडे तंतोतंत जुळले नाहीत, तर पुढची सवलत असून उपयोग नाही.

मग पुन्हा 'स्टॅट'कडे वळलो आणि या वेळी दशांश चिन्हानंतरचे नऊ आकडे नीट वाचले. सेव्ह केल्यावर पहिल्या क्षणी दिसणाऱ्या वेळेत नऊच्या नऊ आकडे भरलेले असत. सेकंदाभराने येणाऱ्या वेळेत शेवटचे दोन आकडे नेहमी शून्य असत. सांबा आणि सिफ्स ज्यावर चालतात तो विंडोजच्या जगातून आलेला प्रोटोकॉल (देवाणघेवाणीचे नियम) वेळ १०० नॅनोसेकंदांच्या मापाने मोजतो, त्याहून बारीक माप त्याच्याकडे नाही. ही शून्ये म्हणजे सर्व्हरच्या वेळेवरचा शिक्काच म्हणायचा. दोन्ही घड्याळे अगदी एकमेकांना चिकटवून ठेवली, तरी लॅपटॉपने लावलेली वेळ आणि सर्व्हरने लावलेली वेळ नॅनोसेकंदापर्यंत जुळण्याची शक्यता जवळजवळ शून्यच. घड्याळ दुरुस्त करणे आवश्यक होते, मात्र माझ्या तक्रारीवरचा तो उपाय नव्हता.

उपाय दोन निघाले. माउंट करताना कॅशे, म्हणजे जवळ धरलेल्या माहितीचा साठा, पूर्ण बंद करण्याचा पर्याय दिला, तेव्हा इशारे थांबले, कारण लॅपटॉपचा कर्नल आता स्वतःच्या मनाने काहीच ठरवत नव्हता. पण त्याबरोबर सगळ्या फोल्डरमध्ये एखादा शब्द शोधायला लागणारा वेळ असा वाढला, की दुसऱ्या दिवशीच तो पर्याय काढून टाकला. दुसरा उपाय इतका साधा आहे, की तो शेवटी सुचला याचेच आश्चर्य वाटते. एडिटर सर्व्हरवरच चालवायचा. एसएसएचने आत शिरायचे, टीमक्स चालू करायचे आणि विम तिथेच उघडायचा. मग फाइल, कर्नल, एडिटर आणि घड्याळ हे सगळे एकाच यंत्रात येतात आणि मतभेदाला जागाच राहत नाही. व्हीपीएन मध्येच तुटले तरी टीमक्समधले काम तसेच राहते. आमच्याकडे पावसाळ्यात ते तुटतेच. नव्या मुलाला व्हीएस कोड हा त्याचा एडिटर सोडायचा नव्हता, त्याला त्याचे रिमोट एसएसएच हे विस्तारक बसवून दिले. त्यातही फाइलींशी बोलणारा भाग सर्व्हरवर चालतो आणि लॅपटॉपवर केवळ पडदा असतो, म्हणून तत्त्व तेच.

या निमित्ताने वाचन केले तेव्हा लक्षात आले, की या दुखण्याची परंपरा मोठी आहे. सांबामध्ये फाइलची वेळ दोन सेकंदांच्या मापात गोल करून सांगणारी एक खास सोय आहे, आणि तिच्या अधिकृत माहितीत ती कशासाठी ठेवली ते मोकळेपणाने लिहिले आहे. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी प्लस प्लस हा प्रोग्राम फाइल बदलली का हे पाहण्यासाठी दोन वेगवेगळ्या प्रकारे वेळ विचारत असे. एका प्रकारात उत्तर एका सेकंदाच्या मापाने येई, दुसऱ्यात दोन सेकंदांच्या. फाइलची वेळ विषम सेकंदावर पडली, की दोन उत्तरे जुळत नसत आणि तो प्रोग्राम फाइल बदलली, फाइल बदलली असे सांगत राही. सम सेकंदावर पडली तर सगळे सुरळीत. म्हणजे निम्म्या फाइलींना बाधा आणि निम्म्यांना नाही. त्या काळी ज्यांनी हे शोधून काढले असेल त्यांच्या चिकाटीला नमस्कार.

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरच्या जुन्या सोर्स कोडातही फाइल लिहून झाल्यावरच्या भागात असल्याच खोट्या इशाऱ्यांविषयी टिप्पणी आहे. सन कंपनीच्या संगणकांवर एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या मार्गाने फाइल लिहिली, की ती बंद करण्याच्या क्रियेनेच तिच्या बदलाची वेळ बदलते, असा तिचा आशय आहे. हे वाचून मला फार बरे वाटले. माझ्या लॅपटॉपवर जे घडत होते त्याचाच हा जुना अवतार.

एनएफएस आजही अनेक ठिकाणी वापरात आहे, म्हणून त्याचे आकडे जवळ असू द्यावेत. तिथे लिनक्सचा कर्नल साध्या फाइलची माहिती कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६० सेकंद स्वतःजवळ ठेवतो. फाइल वारंवार बदलत असेल तर तो लवकर विचारतो, शांत असेल तर उशिरा. याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. कधी न झालेला बदल दिसतो, तर कधी दुसऱ्या यंत्रावरून खरोखर झालेला बदल मिनिटभर दिसतच नाही, आणि माझ्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी घातक आहे, कारण तेव्हा इशारा यायला हवा असतो आणि येत नाही. एसएसएचएफएसमध्ये, म्हणजे एसएसएचवरून फोल्डर माउंट करण्याच्या सोयीत, वेगळे काही सांगितले नाही तर ही मुदत २० सेकंदांची असते. त्याच्या खाली फाइली पाठवण्याचा जो एसएफटीपी प्रोटोकॉल आहे, त्याची ओपनएसएसएच वापरते ती तिसरी आवृत्ती वेळ केवळ पूर्ण सेकंदांत पाठवते. सर्व्हरवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम नॅनोसेकंद जपून ठेवत असली तरी तारेवरून येताना ते गळून पडतात. त्यामुळे एकच फाइल एकदा सर्व्हरवर थेट आणि एकदा एसएफटीपीवरून पाहणारी कोणतीही व्यवस्था, मग ती एडिटर असो वा फाइली जुळवणारी स्क्रिप्ट, दोन वेगळ्या वेळा बघणार.

फाइली पाठवण्याच्या जुन्या एफटीपी पद्धतीचा प्रकार याहून ढोबळ आहे. त्याच्या फाइलींच्या यादीत वेळ मिनिटापर्यंतच असते आणि फाइल सहा महिन्यांहून जुनी असेल तर बहुधा वेळ नसतेच, नुसते वर्ष असते. शिवाय ती वेळ कोणत्या प्रदेशातली हे यादीत लिहिलेले नसते. लिनक्स स्वतः फाइलची वेळ जागतिक वेळेप्रमाणेच साठवतो, तिच्यावर प्रदेशाचा परिणाम होत नाही. घोळ होतो तो अशा मजकुरी यादीतून वेळ परत वाचताना. म्हणून दोन वेळांतला फरक काढला आणि तो बरोबर ५ तास ३० मिनिटे, म्हणजे १९,८०० सेकंद निघाला, तर घड्याळाला दोष देऊ नये. तो भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांतला फरक आहे. फाइलझिला किंवा विनएससीपी या फाइली पाठवण्याच्या प्रोग्राममध्ये त्या सर्व्हरच्या नोंदीत एवढी दुरुस्ती भरली की काम भागते.

काही इशारे धड खोटे नसतात आणि धड खरेही नसतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये दुसऱ्या शाखेवर जाऊन परत आलात, तर ज्या फाइली दोन शाखांत वेगळ्या आहेत त्या दोनदा लिहिल्या जातात. मजकूर अक्षरशः पूर्वीचाच, वेळ मात्र नवी. एखाद्या स्क्रिप्टने सगळ्या फोल्डरवर परवानग्या फिरवल्या, तर विम वेगळ्या क्रमांकाचा इशारा देतो, ज्यात परवानगी बदलल्याचे स्पष्ट म्हटलेले असते. पण घाईत तो कोणी वाचत नाही. काम चालू असताना विम जी स्वॅप फाइल ठेवतो, ती सापडल्याचा इशारा तर निराळाच आहे. तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे किंवा मागच्या वेळी विम अर्ध्यावर मेला, एवढेच तो सांगतो. ओळीतले पहिले चार शब्द पाहून होकाराचे बटण दाबणाऱ्याला हे तिन्ही इशारे सारखेच दिसतात.

इशारा खोटा आहे हे सिद्ध करायचे असेल तर वेळ बघत बसण्यापेक्षा मजकुराची तपासणी बेरीज, म्हणजे सगळ्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढणे चांगले. सेव्ह केल्यावर सर्व्हरवर जाऊन शा-२५६ बेरीज काढायची, आणि इशारा आला की उत्तर देण्याआधी पुन्हा काढायची. दोन्ही सारख्या असतील तर फाइलला कोणी हात लावलेला नाही. ही बेरीज सर्व्हरवरच काढावी, माउंट केलेल्या फोल्डरमधून नव्हे, कारण तिथे कॅशेमधलाच मजकूर पुन्हा वाचला जाण्याची शक्यता असते आणि मग आपण ज्याच्यावर संशय घेतो त्यालाच साक्षीला बोलावल्यासारखे होते. बेरजा वेगळ्या निघाल्या तर विममधून आपली प्रत वेगळ्या नावाने ठेवून दोन्हींतला फरक पाहावा. तोपर्यंत होकार देऊ नये.

इशारा बंद करण्याचे मार्गही आहेत. विममध्ये आपोआप पुन्हा वाचण्याचा पर्याय आहे, शिवाय फाइल बदलल्याचे विमला दिसण्याच्या घटनेवर स्वतःची आज्ञा बांधून इशाऱ्याचे तोंड बंद करता येते. एका ओळीत काम होते, म्हणून ही ओळ लोक एकमेकांना आनंदाने देतात. मीही तिसऱ्या आठवड्यात ती टंकली होती आणि दोन दिवस सुखात होतो. मग एका दुपारी लक्षात आले, की आता खरोखर कोणी फाइल बदलली तरी मला कळणार नाही, आणि ती ओळ पुसली. खोट्या इशाऱ्यांचा त्रास मोठा असतो हे मान्य, पण त्यावर कानात बोळे घालणे मला पटले नाही. रोज वीस वेळा विचार न करता होकार देण्याची जी सवय मला लागली होती, तीही खरे तर त्याच जातीची होती.

एडिटर सर्व्हरवर हलवल्यानंतर इशारे थांबले आणि मी हा विषय विसरूनही गेलो. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मी नेहमीप्रमाणे टीमक्समध्ये शिरलो, शनिवारी उघडी ठेवलेली चलनाच्या छपाईची फाइल समोर आली, एक ओळ दुरुस्त केली, सेव्ह केले, आणि तीन उद्गारचिन्हे पुन्हा पडद्यावर. या वेळी दुसरे घड्याळ नव्हते, कॅशे नव्हता, नॅनोसेकंदांची भानगड नव्हती. होकार दिला नाही. बेरीज काढली, ती वेगळी. फरक पाहिला, तर चलनाच्या माथ्यावर छापला जाणारा कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक बदललेला, आणि खाली पत्त्यातली एक जुनी चूकही दुरुस्त केलेली. लॉगिनच्या नोंदीत रविवारी सकाळचे एक नाव होते, आणि ते माझे नव्हते.

क्लार्कसाहेबांना फोन लावला. आम्हीच वर्षापूर्वी त्यांना अडीअडचणीला असू द्या म्हणून दिलेले लॉगिन त्यांनी वापरले होते. नॅनो या साध्या एडिटरमध्ये फाइल उघडून त्यांनी दोन्ही दुरुस्त्या नीटनेटक्या केल्या होत्या, माझ्याकडून वर्षभर राहिलेली चूकसुद्धा. मी विचारले, तेव्हा ते जरा संकोचून म्हणाले, "काल भट्टी बंद हुती साहेब, म्हटलं तेवढ्यात आपणच करून टाकावं. काय गडबड झाली काय?"